भविष्य सांगणारी जुनी कपबशी: घ्यायची कशी, वाचायची कशी आणि त्यामागचे मनकवडे

मी इंग्लंडात डर्बीला राहते. काही वर्षांपूर्वी इथल्या रविवारच्या कार-बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीत जुनं सामान लावून विकतात तिथे, मला एक कपबशी दिसली. बाहेरून साधी पण कपात डोकावलं तर नांगर, घोड्याची नाल, साप, किल्ली, पक्षी अशी बारीक बारीक चित्रं. मला वाटलं लहान मुलांची असेल. विकणाऱ्या आजींनी सांगितलं की ही भविष्य बघायची कपबशी आहे, चहा पिऊन झाला की पत्ती कुठल्या चित्रावर चिकटली ते बघायचं. तिथून मला नाद लागला तो आजपर्यंत. पहिल्या दोन वर्षांत मी इतक्या चुका केल्या, इतके पैसे घालवले की आता आमच्या मंडळात कुणी विचारलं की मी आधी अर्धा तास बसवूनच सांगते. तेच सगळं इथे लिहितेय, म्हणजे नव्याने सुरू करणाऱ्यांना तरी सोपं जाईल.

आधी जवळ काय काय हवं ते सांगते:

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं)
- साधी टॉर्च आणि एक जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च
- शिसं तपासायचं घरगुती किट
- एक वही, आणि फोनमध्ये प्रत्येक कपाच्या बुडाचा फोटो
- सुट्या पानांचा चहा (याबद्दल पुढे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो)

१. आधी प्रकार ओळखायला शिका

ढोबळ तीन प्रकार असतात. पहिला राशींचा, यात कपात किंवा बशीवर बारा राशी आणि ग्रहांच्या खुणा असतात. दुसरा पत्त्यांचा, यात इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे छोटे छोटे पत्ते छापलेले असतात. तिसरा चित्रांचा, माझा पहिला होता तसा.

राशीवाल्यांमध्ये सगळ्यात नावाजलेला म्हणजे एन्स्ली कंपनीचा नेलरॉस कप ऑफ फॉर्च्यून, साधारण १९०४ च्या सुमाराचा. पत्त्यांमध्ये आल्फ्रेड मीकिनचा कप ऑफ नॉलेज, तो १९२० च्या दशकातला. आणि पॅरागॉन कंपनीचा एक आहे, त्याच्यावर इंग्रजीत ओळ लिहिलेली असते, तिचा अर्थ साधारण असा की तुमच्या चहात भविष्य बघताना मला बऱ्याच चमत्कारिक गोष्टी दिसतात. तो १९३० च्या दशकातला. या तीन नावांपासून सुरुवात केलीत तर हरवणार नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात पुन्हा असे कप निघाले आणि आजही नवे निघतात. नवे वाईट नसतात, शिकायला उलट तेच बरे, फक्त त्यांना जुन्याचे पैसे देऊ नका.

२. कप उलटा करून बूड वाचा

कपाच्या आतली चित्रं बघून भुलायचं नाही, आधी बूड बघायचं. तिथे कंपनीचा शिक्का असतो. नुसतं इंग्लंड असं देशाचं नाव दिसलं तर माल बहुतेक १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. मेड इन इंग्लंड किंवा बोन चायना (चिनी मातीचा एक प्रकार, पुढे सांगते) असे शब्द असतील तर तो बहुतेक विसाव्या शतकातला. म्हणजे कुणी विक्टोरिया राणीच्या काळातला म्हणून विकत असेल आणि खाली मेड इन इंग्लंड, बोन चायना दोन्ही लिहिलं असेल तर तिथून निघा.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे नोंदणी क्रमांक. आरडी नंबर असं लिहून पुढे आकडे असतात. १८८४ पासून हे आकडे एकपासून ओळीने चढत गेलेत, १९०० साल उजाडलं तेव्हा साडेतीन लाखाच्या आसपास होते आणि १९१० ला साडेपाच लाखाच्या आसपास. म्हणजे नंबरवरून साल जवळपास काढता येतं. पण इथे एक मेख आहे, ते साल डिझाईन नोंदवल्याचं असतं, कप बनवल्याचं नाही. १९०४ ला नोंदवलेलं डिझाईन पुढे कितीतरी वर्षं छापत राहायचे. मी नंबर बघून एक कप फार जुना समजून महाग घेतला, तो निघाला बऱ्याच नंतरचा.

३. मूळ गाव बघून या, जमलं तर

इंग्लंडात असाल तर हे कराच. यातले बहुतेक कप स्टोक-ऑन-ट्रेंटचे. एन्स्ली आणि पॅरागॉन दोन्ही तिथल्या लाँगटन भागातले, मीकिन टनस्टॉलचा. डर्बीहून क्रूला जाणाऱ्या गाडीत बसलं की लाँगटन स्टेशन लागतं. तिथे ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम आहे, जुना कारखानाच जपून ठेवलाय, बाटलीच्या आकाराच्या भल्यामोठ्या विटांच्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. कपावर चित्रं कशी उतरवायचे, सोनेरी काठ हाताने कसा ओढायचे हे तिथे कळतं आणि एकदा ते कळलं की छापील नक्कल डोळ्यांना लगेच खटकते. एन्स्ली कंपनी १७७५ ची आणि तिचा इथला कारखाना २०१४ ला बंद पडला. इतकी वर्षं चाललेली भट्टी विझली हे तिथे उभं राहून ऐकताना मला खरंच भरून आलं होतं.

बोन चायनाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे घरोघरी शाकाहारी माणसं असतात. या मातीत जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, नावातच हाड आहे. माझ्या सासूबाईंना मी हे आधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी त्या कपातून चहा घेतल्यावर सांगितलं, ते मी चूक केलं. कुणाला द्यायच्या आधी विचारा. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी साध्या मातीचा, आतून पांढरा, पसरट तोंडाचा कुठलाही कप ठेवा.

४. हातात घेऊन तपासा

कप डाव्या तळव्यावर ठेवायचा आणि उजव्या हाताच्या नखाने काठावर हळूच टिचकी मारायची. चांगला बोन चायना टणण् करतो आणि आवाज लांबतो. चीर असेल तर थप् असा मेलेला आवाज येतो. मग टॉर्च आतून लावा, बोन चायनातून उजेड पार दिसतो आणि केसासारखी चीर असली तर काळी रेघ उमटते. मीकिनसारखे मातीचे कप जाड असतात, त्यातून उजेड येणार नाही, तो दोष नाही.

नंतर यूव्ही टॉर्च. जिथे दुरुस्ती करून रंग मारलाय तिथे तो भाग वेगळाच चमकतो. मला हे कळलं ते उशिरा. एका विक्रेत्याकडून मी ऑनलाईन एक राशींचा कप मागवला, फोटोत अगदी नवाकोरा, घरी आल्यावर गरम पाणी ओतलं आणि कान हातात आला. कान कधीतरी तुटलेला, चिकटवून वरून रंगवलेला. तेव्हापासून ऑनलाईन घेताना मी चार फोटो मागते: बूड, कानाचे दोन्ही सांधे, काठ वरून, आणि आतून टॉर्च लावलेला. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

आणखी एक. बशी आणि कप एकाच जोडीचे आहेत ना ते बघा. दोघांच्या बुडाचा शिक्का जुळवा. चित्रांचे अर्थ बऱ्याचदा बशीवर असतात, त्यामुळे दुसरीच बशी लावलेली असेल तर अर्धं गेलंच. सोबत छापील पुस्तिका यायची, ती मिळाली तर सोडू नका. ती चोळामोळा झालेली असली तरी घ्या, कारण कप सांभाळले गेले पण कागद लोकांनी फेकले.

५. प्यायच्या आधी शिसं तपासा

जुन्या कपांच्या आतली चित्रं झिलईच्या वर छापलेली असू शकतात आणि त्या रंगात शिसं असू शकतं. किट आणून आत घासून बघा. लाल आलं तर तो कप कपाटात, त्यातून पिणं बंद. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर कुठल्याच जुन्या कपातून देऊ नका. लिंबूवाला चहा अजिबात नको, आंबटाने शिसं जास्त सुटतं. मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर नाही, सोनेरी काठ जातो.

६. चहा कुठला

आपला चहा इथे चालत नाही. आपण घरी आणतो ती सीटीसी, गोल दाणे असतात, उकळून गाळणीने गाळतो. ते दाणे कपात टाकले तर तळाला नुसता गाळ बसतो, आकार काही दिसत नाही. टी-बॅगेत तर पत्ती बाहेरच येत नाही. इंग्लंडात टेटलीने १९५३ ला टी-बॅग आणली आणि हळूहळू सगळ्यांनी ती घेतली, मग कपात पत्तीच उरेना, ही कला घरातून जायला ते एक मोठं कारण असं माझं मत आहे.

दार्जिलिंग किंवा कुठलाही अख्ख्या पानाचा चहा घ्या. अर्धा चमचा थेट कपात, वरून गरम पाणी, दूध नको, गाळणी नको. चार मिनिटं थांबा.

७. कप वाचायची पद्धत

चहा पिणाऱ्याने स्वतः प्यायचा, तळाला साधारण एक चमचा पाणी आणि चोथा ठेवायचा. मग कान डाव्या हातात धरून कप तीनदा गोल फिरवायचा, लगेच बशीवर उपडा घालायचा आणि मिनिटभर तसाच ठेवायचा. पाणी निथळलं की सरळ करून बघायचं.

कान म्हणजे चहा पिणारा माणूस आणि त्याचं घर. कानाजवळची पत्ती म्हणजे घरची गोष्ट, कानाच्या समोरची म्हणजे बाहेरची. काठाजवळची म्हणजे लवकर होणारी, बुडाजवळची म्हणजे लांबची. लांब काडी दिसली तर तो कुणीतरी माणूस. साध्या कपात आकार तुम्हालाच शोधावे लागतात, भविष्याच्या कपात मात्र पत्ती कुठल्या चित्रावर बसली एवढंच बघायचं. फिरवायची दिशा, कुठला हात, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतं, त्यावर वेळ घालवू नका.

आता इथपर्यंत आलात की तुम्हाला वाटेल झालं, शिकलो. पण तुम्ही पहिल्यांदा कुणासमोर बसाल तेव्हा कळेल की नांगर म्हणजे स्थैर्य, साप म्हणजे शत्रू एवढं बोलून दोन मिनिटांत विषय संपतो आणि समोरचा माणूस नुसता बघत राहतो. माझं असंच झालं. कप काहीच सांगत नाही, सांगणारं माणूस लागतं. म्हणून पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

८. स्टेजवरच्या मनकवड्यांकडून शिका

ज्या काळात हे कप निघाले, त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेत मनातलं ओळखून दाखवणाऱ्यांचे खेळ नाट्यगृहं भरवत होते. आणि माझं स्पष्ट मत आहे की हा कप म्हणजे त्या माणसांचं काम घरातल्या टेबलावर आणायचं साधन. स्टेजवरच्याला वर्षानुवर्षं शिकावं लागायचं, इथे चित्रं आणि अर्थ छापूनच मिळतात.

झान्सिग जोडप्यापासून सुरू करा. ज्युलियस आणि ॲग्नेस, दोघं मूळचे डेन्मार्कचे, १९०६ ला लंडनमध्ये त्यांचा खेळ प्रचंड गाजला. तो प्रेक्षकांत फिरायचा, कुणाचं घड्याळ, कुणाचं नाणं हातात घ्यायचा आणि स्टेजवर बसलेली ॲग्नेस ते ओळखायची. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलसारख्या माणसाला ते खरं वाटलं होतं. तो संकेतांचा खेळ होता. "हे काय?" आणि "बघ बरं, हे?" आणि "पटकन सांग" या प्रत्येकाचा अर्थ ठरलेला, असे शेकडो संकेत दोघांना पाठ. मला यात सगळ्यात थक्क करते ती त्यांची मेहनत.

दुसरा अलेक्झांडर, खरं नाव क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन, १८८० ते १९५४, अमेरिकन. डोक्याला फेटा, समोर स्फटिकाचा गोळा, आणि जाहिरातीत लिहिलेलं की सगळं जाणणारा माणूस. त्याची लाल रंगाची पोस्टर आजही लिलावात येतात, आणि त्यांतल्या काहींवर छापणाऱ्याच्या नावापुढे बॉम्बे असं गाव लिहिलेलं असतं! मी पहिल्यांदा ते भिंगातून वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. फेटा, पूर्वेचं गूढ, हे सगळं तेव्हा तिकडे खपायचं. आपल्या वेशाचा असा वापर बघून मला बरं वाटत नाही, पण वस्तू समजून घ्यायची तर हे बघायला लागतं.

अलेक्झांडर लोकांकडून प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून घ्यायचा आणि उत्तरं द्यायचा. अशा खेळांत सगळ्यात वापरली जाणारी युक्ती म्हणजे एक पाऊल पुढे राहणं. एक चिठ्ठी आधीच गुपचूप वाचलेली असते. मग दुसरं बंद पाकीट कपाळाला लावायचं आणि त्या वाचलेल्या चिठ्ठीतला प्रश्न बोलायचा. प्रेक्षकांतला माणूस हो म्हणतो. आता खात्री करायच्या निमित्ताने हातातलं पाकीट फोडायचं, आणि खरं तर पुढचा प्रश्न वाचून घ्यायचा. असं शेवटपर्यंत.

तिसरा जोसेफ डनिंजर, १८९२ ते १९७५, हाही अमेरिकन, याने रेडिओ आणि टीव्ही दोन्ही गाजवलं. प्रेक्षकांतलं कुणी मला आतून सामील असल्याचं सिद्ध करा आणि दहा हजार डॉलर घेऊन जा असं तो सांगायचा. त्याचं एक म्हणणं मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, की मी करतो ते बारा वर्षांचं पोरही करेल, तीस वर्षं सराव केला तर.

स्टेजवरचा हा सगळा खटाटोप कपापाशी लागत नाही. कपापाशी लागतं ते दुसरं कौशल्य, त्याला कोल्ड रीडिंग म्हणतात. म्हणजे समोरच्याबद्दल काही माहिती नसताना त्याला वाटायला लावायचं की याला सगळं कळलं. कुणालाही लागू पडेल असं वाक्य टाकायचं आणि चेहरा बघायचा. उदाहरण देते. मराठी घरात कुणालाही सांगा की "तुमच्या घरात एक जुनं कागदपत्रांचं काम अडकलंय, आणि त्यावरून एका नातेवाईकाशी बोलणं कमी झालंय." बहुतेक जण मान हलवतील, कारण सातबारा, वाटणी, फ्लॅटचं नावावर करणं हे कुठल्या घरात नाही? मग ते स्वतःच सांगायला लागतात, काका, पुतण्या, गाव, सगळं. तुम्ही फक्त ऐकायचं. घरी जाताना ते म्हणतात की हिने सगळं बरोबर सांगितलं. आपल्याकडच्या पोपटवाल्याचं चिठ्ठी काढून झाल्यावरचं बोलणं आठवा, तेच आहे.

हे किती खोल चालतं ते १९४८ ला बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. ३९ विद्यार्थ्यांना त्याने प्रत्येकाचं स्वभाववर्णन म्हणून कागद दिला आणि किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना कागद एकच होता, मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. हा प्रयोग मी घरी पाहुण्यांवर करते, कप वाचायच्या आधी नाही, नंतर. आणि मग सांगते की मी काय केलं. लोक रागावत नाहीत, उलट पुन्हा कप मागतात.

९. दुसऱ्यासमोर बसताना हे पाळा

मृत्यू, आजार, मूल होणं, लग्न मोडणं यावर एक शब्द बोलायचा नाही. माझ्याकडून एकदा एका मैत्रिणीला सहज म्हटलं गेलं की लांबचा प्रवास दिसतोय आणि वाटेत अडथळा, तिने खरंच आईला भेटायला जायचं तिकीट पुढे ढकललं. मला ते कळल्यावर मी तिला फोन करून सगळं उलगडून सांगितलं, तिने पुन्हा तिकीट काढलं, पण ते दोन आठवडे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून सुरुवातीलाच सांगते की हा खेळ आहे, मला काही दिसत नाही.

पैसे घेऊ नका. हे जुनंच दुखणं आहे. इंग्लंडात १८२४ च्या कायद्याने भविष्य सांगण्याचं ढोंग करणाऱ्याला शिक्षा होती. न्यूयॉर्कच्या टीरूममध्येही लोकांनी अशा कायद्यातून पळवाट काढली, पैसे चहा-सँडविचचे, भविष्य फुकट. १९२६ ला हुदिनी स्वतः अमेरिकन संसदेच्या समितीपुढे भविष्यवाल्यांच्या विरोधात साक्ष द्यायला उभा राहिला होता, आणि तो स्वतः जादूगार होता हे लक्षात घ्या. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून फसवणं, पैसे उकळणं हा गुन्हा आहे. सोसायटीच्या कार्यक्रमात कप घेऊन बसणार असाल तर आधी माईकवर सांगा की हे मनोरंजन आहे.

१०. भारतात पाठवायचा असेल तर

कागद हे लागतात:

- खरेदीची पावती, किंमत आणि वस्तूचं साधं वर्णन असलेली
- कस्टम्सचा फॉर्म, त्यावर जुनी चिनी मातीची कपबशी, वापरलेली, असं नीट लिहा, नुसतं गिफ्ट लिहू नका
- घेणाऱ्याचं केवायसी, आधार किंवा पॅनची प्रत, कुरियरवाले मागतात
- पाठवायच्या आधीचे फोटो

ड्युटी लागू शकते, घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा. माझं एक पार्सल वर्णन नीट नव्हतं म्हणून तीन आठवडे अडकलं होतं. आणि कुरियरचे नियम वाचा, चिनी मातीच्या वस्तू फुटल्या तर बरेच जण भरपाई देत नाहीत, विम्याचे पैसे भरले तरी.

उलट दिशेने, म्हणजे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा कप मिळाला आणि तो परदेशी न्यायचा असेल, तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं आणि त्याहून जुन्या वस्तू येऊ शकतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तशी नाही असं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून मिळतं, ते आधी घ्या, विमानतळावर वाद घालून उपयोग नाही.

पॅक करताना कप आणि बशी वेगवेगळे गुंडाळा. कपाच्या आत कागदाचा बोळा भरा, कानाच्या भोकातही थोडा, कारण फुटतो तो आधी कान. बशी झोपवून नाही, उभी ठेवायची. खोक्यात खोकं, मध्ये चारी बाजूंनी चार बोटं जागा, ती ठासून भरा. हलवून बघा, आतून जरा जरी आवाज आला तरी पुन्हा उघडा.